भेरूलालच्या माथी मारलेल्या तीन सायकली

अगं नाही, हिरवी नव्हती. निळी होती ती सायकल, चांदीसारख्या रेघा होत्या तिच्यावर. हिरवी सुलूच्या वेळची. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांची, तुला काय आठवणार! तू फक्त लिही, मुक्ता. आणि मध्ये मध्ये 'आजी, हे हिंदी झालं' करून टोकू नकोस. मी बोलते तेच मराठी. लग्न होऊन आले तेव्हापासून पंचावन्न वर्षं ह्या उज्जैनात काढली, त्याआधी शाजापूरकडच्या खेड्यात. पुण्यासारखं कुठून बोलू? शाळेत मी एकच दिवस गेले होते, तो पण भावाचा डबा द्यायला.

तर भेरूलाल.

आपल्या मराठी मंडळाचा हॉल आहे ना माधव नगरात, त्याच्या मागच्या अंगणात तो सायकली सांभाळायचा. अकरा वर्षं. उंच, वाळका, डोक्याला गमछा, आणि हाताची बोटं बघितली की वाटायचं आत्ताच डाळिंब सोलून आलाय. तो रंग होता. भैरवगढ़चा ना तो, छपाईच्या कारखान्यात उमर काढलेली. लाकडाचे ठप्पे असतात, ते रंगात बुडवून कापडावर ठोकायचे, दिवसभर ठोकायचे. पण त्या रंगाच्या पाण्याने त्याच्या हातांना अशा भेगा पडल्या की पन्नाशीला येता येता ठप्पा धरवेना. मग आला इकडे चौकीदारीला.

त्याला वाचता येत नव्हतं. मलाही नाही. त्यामुळे आमचं जमलं म्हण. तुझे आजोबा तेव्हा मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी नंबरचे बिल्ले करून आणले, एक ते शंभर. भेरूलालने ते हातात घेतले, उलटेपालटे केले आणि मला हळूच म्हणाला, "जीजी, इनमें सूधो कौन सो और उल्टो कौन सो?" मला हसूच आवरेना. मी म्हटलं, "मला काय विचारतोस, मी पण तुझ्याच वर्गातली."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून चिंध्या घेऊन आला. छपाईच्या. दोन चिंध्यांवर पोपट, दोनवर आंबा, दोनवर कमळ, दोनवर हत्ती पण हत्तीची सोंड उजवीकडे, आणखी दोनवर सोंड डावीकडे. एक चिंधी सायकलच्या हँडलला बांधायची, जोडीची मालकाच्या हातात द्यायची. जाताना दाखवायची, जोडी जुळली की सायकल घ्यायची. आजोबा चिडले, म्हणाले, "ही काय बालवाडी आहे?" पण मुलांना इतकं आवडलं! तुला नेहमी मोर पाहिजे असायचा, नाही दिला तर रडायचीस. ते बिल्ले कुठल्या कपाटात गेले देव जाणे. अकरा वर्षांत एक सायकल इकडची तिकडे झाली नाही.

उन्हाळ्यात तो सगळ्या सीटांवर पोत्याचे तुकडे घालून ठेवायचा, मुलांना चटका बसू नये म्हणून. आणि एक गंमत सांगू? त्याला स्वतःला सायकल चालवता येत नव्हती. भैरवगढ़हून टेम्पोने यायचा. कुणी म्हटलं, "भेरूभाई, जरा ही गाडी पलीकडे लाव," तर हँडल धरून चालवत न्यायचा, वासराला नेतात तसं. 

भजनाच्या दिवशी मी तासभर आधी जायची. खोटं कशाला बोलू, भजनासाठी नाही, त्याच्याशी गप्पा मारायला. तो चहा घेऊन यायचा, मी घरून शेव न्यायची. आणि तो मला चोरांच्या गोष्टी सांगायचा. देवास गेटला त्याचा मावसभाऊ होता, बसस्टँडजवळ पंक्चर काढायचा. त्याच्याकडून ऐकलेल्या.

"जीजी," तो म्हणायचा, "चोर तालो नी देखे. मालक के देखे."

म्हणजे ताला कसा आहे ते चोर बघतच नाही, मालक कसा आहे ते बघतो. दोन दिवस नुसता येऊन उभा राहतो. कोण किती वाजता येतो, किती वेळ आत बसतो, बाहेर येऊन आधी सायकल बघतो की आधी कचोरी खातो. रोज पुसलेली, तेल घातलेली सायकल तो घेत नाही, तिचा मालक लगेच बोंब मारतो. धूळ बसलेली बघतो. तिच्या मालकाला चार दिवस कळतच नाही की सायकल घरी नाही, तो भावाला विचारेल, पोराला विचारेल, तोवर काम झालं.

आणि ती दुसऱ्या ताल्याची गोष्ट! ती ऐकून तर मी गारच झाले. चोर काय करतो, तुमच्या सायकलला वरून आपला एक ताला लावून देतो. तुम्ही बाहेर येता, आपला ताला उघडता, तर हा दुसरा कोणाचा? कुणी चुकून लावला असेल म्हणता. थोडा वेळ वाट बघता, मग सायकल तिथेच सोडून पायी घरी जाता, नाहीतर चाबीवाल्याला शोधायला. आणि आता ती हलत नाही म्हणून तुम्ही आपला ताला पण लावत नाही. गेलात की चोर येतो, खिशातून किल्ली काढतो आणि दिवसाढवळ्या चार माणसांसमोर आपला ताला उघडून निघून जातो. किल्लीने ताला उघडणाऱ्याला कोण हटकेल?

मग ती सायकल दुसऱ्या मोहल्ल्यात. कुणाची सीट, कुणाचं चाक, कुणाचं मडगार्ड, असं करून दोन गाड्यांची एक होते. खाली नंबर कोरलेला असतो तो कानशीने घासतात. वरून रंग. आणि खेड्यातल्या हाटात उभी करून सांगतात, "बँक के साब की है, ट्रान्सफर हो गया।" हे सांगताना भेरूलाल आजोबांची नक्कल करायचा, पोट पुढे काढून, आणि मी पदर तोंडाला लावून हसायची.

हे सगळं मी आत जाऊन बायकांना सांगायची. तिखटमीठ लावून. विनोदिनी, सुलू, सगळ्या ऐकायच्या. मला आवडायचं गं. एरवी त्या सगळ्या शिकलेल्या, कुणी शिक्षिका, कुणी एलआयसीत. त्यांच्यात मला कधी काही सांगायला नसायचं. हे मात्र फक्त मला माहीत असायचं.

सिंहस्थ झाल्याच्या पुढच्या वर्षीचा गणपती. हॉलमध्ये दहा दिवस नुसती गर्दी. पाचव्या दिवशी मुलांच्या श्लोकपाठांतराच्या स्पर्धा होत्या. संध्याकाळची वेळ, साडेपाच असतील. मी मोदकांचं तबक घेऊन मागच्या दाराने बाहेर आले, भेरूलालला द्यायला. तर त्याच्यासमोर एक जण उभा. पंचवीस-सव्वीसचा, स्वच्छ झब्बा, कपाळाला अष्टगंध. आणि भेरूलाल त्याला म्हणत होता, "भैया, कपड़ो बताओ, कपड़ा बगैर नी मिलेगी।"

त्याने मला बघितलं आणि वाकून नमस्कारच केला.

"काकू, बघा ना हो. चिंधी आत आईजवळ राहिली. ती पुढे बसलीये, एवढ्या गर्दीतून कुठे शिरू? औषध आणायचंय पटकन. सांगा ना ह्यांना."

काय मराठी होतं त्याचं! 'ह्यांना' म्हणाला, चौकीदाराला. आपली अर्धी पोरं घरात हिंदी बोलतात. तू पण. मला इतकं कौतुक वाटलं की मी त्याला नाव सुद्धा विचारलं नाही. मी म्हटलं, "दे रे भेरू. आपला आहे."

भेरूलालने माझ्याकडे बघितलं. "जीजी, आपणो हे?"

"हो, हो. आपलाच."

त्याने लगेच सायकल सोडवली. निळी, चांदीच्या रेघांची. त्या पोराने एक मोदक उचलला, "येतो हं काकू," म्हणाला. मी म्हटलं, "ये हो बाळा, सांभाळून."

बस. एवढंच झालं. ती सायकल विनोदिनीच्या अभिजीतची होती, वाढदिवसाला आठ दिवस झाले नव्हते. त्याच्या खिशात चिंधी तशीच. डाव्या सोंडेचा हत्ती.

मला कळलं तेव्हा आरती संपली होती आणि अंगणात विनोदिनीचा आवाज येत होता. तिचा आवाज तुला माहीतच आहे, माइक नको तिला. अंगणात सगळे जमलेले. तेव्हाच कळलं की आदल्या तीन दिवसांत आणखी दोन गेल्या होत्या, एक हिरवी आणि एक मुलींची लाल. त्यांच्या मालकांना वाटलं होतं घरातल्याच कुणी नेली असेल. म्हणजे तीन.

तुझे आजोबा मधोमध उभे. "भेरूलाल, साइकिल किसको दी?"

"दी तो थी, साब."

"किसको?"

"एक आदमी थो. भला घर को दिखतो थो."

"कपड़ा लिया?"

"नी लियो."

"क्यों नहीं लिया? तीन-तीन साइकिलें, एक का भी कपड़ा नहीं?"

त्याने बायकांकडे बघितलं. विनोदिनीकडे बघितलं, सुलूकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हा बोलणार. पण तो बोलला नाही, खाली बघत राहिला.

"बघा, कसा चुप बसून राहिलाय!" विनोदिनी म्हणाली. "आतल्या माणसाशिवाय होतं का असं? ह्याला सगळं माहीत असतं चोरांचं. ताला कसा तोडतात, रंग कसा देतात, कुठे विकतात. कुसुमकाकूंना विचारा, त्यांना रोज सांगत असतो. हो की नाही हो काकू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजोबा पण.

आणि मी म्हटलं, "हो. सांगतो तर खरं."

थांब जरा, मुक्ता. पाणी दे.

का नाही बोलले मी? हे पण लिही. मला भीती वाटली, पण आजोबांची नाही. ते ओरडले असते, झालं असतं. मला वाटलं, सगळ्या म्हणतील, अडाणी ना ती, कुणीही दोन शब्द गोड बोललं की फसते. लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकलं होतं मी. सासूबाई पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या, "ही सून, हिला अक्षर येत नाही पण पुरण छान करते." त्या दिवशी त्या अंगणात ते पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती. माझी लाज वाचवायला मी त्याची घालवली. आणि जो माणूस एका सायकलवर बसू शकत नव्हता, तो तीन सायकली कसा पळवेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, रात्री अंथरुणात पडले तोवर.

आजोबा त्याला म्हणाले, "कल से मत आना।" त्याने खिशातून चिंध्या काढल्या, उरलेल्या जोड्या होत्या, त्या पायरीवर ठेवल्या. पोत्याचे तुकडे गोळा करून कोपऱ्यात रचले. मोदक त्याच्यासाठी ठेवला होता तो तसाच होता. मग गेला.

पोलिसांनी एकदा बोलावून विचारलं त्याला आणि सोडून दिलं. पण आपल्याकडचे लोक चादरी घ्यायला भैरवगढ़ला जातातच ना. कुणीतरी कारखान्यात बोललं, तुमचा तो भेरू, आमच्याकडे असा असा निघाला. त्याची मुलगी रामकन्या त्याच कारखान्यात कामाला. नवरा गेल्यावर बापाकडेच राहायची. त्या दिवसापासून संध्याकाळी घरी जाताना मालकाची बायको तिची पिशवी उघडून बघायला लागली. रोज. सगळ्यांसमोर. आणि भेरूलालला परत कुणी चौकीदारीला ठेवलं नाही. चौकीदाराला दुसरं असतं तरी काय, नाव सोडून?

चोर सापडला तो संक्रांतीनंतर. आजोबांनीच पेपर वाचून दाखवला. इंदूरला, देवासला, इकडे, सगळीकडे तो मराठी मंडळांचे कार्यक्रम बघून जायचा. आधी केटरिंगवाल्यांकडे वाढपी होता, आपल्या लग्नामुंजींत. तिथे बोलणं उचललं. पोलिसांना म्हणाला म्हणे, ताले तोडावे लागतच नाहीत, काकू लोक स्वतः देतात. आजोबांनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "काय मूर्ख बायका असतात एकेक." मी कणीक मळत होते. मळत राहिले.

दोन दिवसांनी सुलू आली. चहा ठेवला तर रडायलाच लागली. म्हणाली, "कुसुम, एक सांगू, कुणाला बोलशील नाही ना? ती हिरवी सायकल मी द्यायला लावली होती." तिला तो म्हणाला होता की तो सागर गावचा आहे, सुलूचं माहेर सागरचं, झालं. तिने पण भेरूलालला सांगितलं, आपलाच आहे. मी तिला माझं सांगितलं. आणि मग दोघींना एकदमच वाटलं, तिसरी कोण? लाल सायकलवाली? ते नंतर कळलं. विनोदिनी. जी सगळ्यांत जास्त ओरडत होती, ती. त्या पोराला हेच तर पक्कं माहीत होतं गं. काकू एकदा देऊन बसली की ती कुणाला सांगणार नाही. तीन बायका एका अंगणात शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि तिघींना वाटत होतं, मी एकटीच.

मी रात्रीच्या जेवणाला आजोबांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "आता प्रकरण मिटलंय. बोलून काय होणार? मंडळाची शोभा होईल." आताही बघ, आत टीव्ही मोठा करून बसलेत. त्यांना हे मंडळाच्या गणपतीच्या पुस्तकात छापायला नकोय. बसू दे.

मी गेले भैरवगढ़ला. एकटी, ई-रिक्शा करून, तिळाच्या वड्या घेऊन. घर नदीकडच्या गल्लीत, दारात ओल्या चादरी वाळत घातलेल्या. भेरूलाल खाटेवर बसला होता. उठून उभा राहिला. "जीजी! आओ, आओ. रामकन्या, चाय मेल," चहा ठेव म्हणाला मुलीला. जणू काही झालंच नाही. रामकन्याने चहा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि आत जाऊन उभी राहिली, दाराआड.

मी इकडचं तिकडचं बोलत होते. गुडघे, थंडी, आजोबांचं ब्लडप्रेशर. तोंडात येत होतं आणि परत जात होतं. तर तोच म्हणाला, "जीजी, एक बात पूछूं? बुरो मत मानजो."

"विचार ना."

"ऊ छोरो तमारो कई लागतो थो?"

तो मुलगा तुमचा कोण लागत होता, असं विचारत होता तो मला. मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "माझा? माझा कोणी नाही रे. कोई नी."

"तम बोल्या था, आपणो हे. सुलू जीजी भी बोल्या, विनोदिनी जीजी भी. तो म्हूं समझ्यो घर को हे. कोई को भतीजो, कोई को भाणेज. मंडल में सब आपस में रिश्तेदार हो तम."

मुक्ता, कळलं का तुला? आपण 'आपला' म्हणतो म्हणजे मराठी. एवढंच. नाव नाही, गाव नाही, नातं नाही, तरी आपला. त्याच्या बोलीत आपणो म्हणजे घरचा, ज्याच्या कामाची जबाबदारी आपल्यावर असते असा. त्याला वाटलं होतं माझ्या घरचा कुणीतरी पोरगा वाकडा निघालाय. चार लोकांत नाव घेतलं तर जीजीच्या घराची अब्रू जाईल. म्हणून तो त्या अंगणात बोलला नाही. पोलिसांपुढे बोलला नाही. मुलीची पिशवी रोज उघडली जात होती तरी बोलला नाही. वाट बघत होता, घरचे लोक घरातल्या पोराला समजावतील आणि मग कुणीतरी येऊन त्याला सांगेल.

मी त्याला सगळं सांगितलं. पेपरमध्ये आलं ते, केटरिंगचं, मराठी बोलणं शिकल्याचं. मी त्याला ओळखत नव्हते, कुणीच ओळखत नव्हतं, नुसता बोलला चांगला म्हणून.

तो ऐकत होता. हाताच्या भेगा चोळत होता. मग म्हणाला, "कोई नी लागतो थो?"

"नाही रे."

"तो पछे म्हूं चुप क्यूं रियो?"

मग मी गप्प का राहिलो, असं विचारलं त्याने. चिडून नाही. खरंच विचारत होता, जसं काही मला माहीत असेल.

मी रडले. तो म्हणाला, "रोओ मती, जीजी." चहा गार झाला म्हणून रामकन्याला परत ठेवायला सांगितला. मी त्याला कबूल केलं, पुढच्या गणपतीत सगळ्यांसमोर माइकवर सांगेन. तो म्हणाला, "तमारी मरजी." जास्त काही म्हणाला नाही.

पुढचा गणपती आला. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. विनोदिनीच सूत्रसंचालन करत होती. ती म्हणाली, "कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" आणि माइक माझ्या इतक्या जवळ आला, इतक्या, की मी हात केला असता तर हातात आला असता. मी हात केला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्या आजोबांचं ऑपरेशन. मग ते करोनाचं आलं, हॉलच बंद.

करोनाच्या दुसऱ्या वर्षात भेरूलाल गेला. एप्रिल-मे. तेव्हा कोण कुठे जात होतं? मला तर पावसाळ्यात कळलं, भाजीवाल्याकडून.

मग गेले परत. सुलू पण येणार होती, पण ती त्याच वर्षी वारली. एकटीच गेले. रामकन्याने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी तिथेच उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायला लागले, बाई, चूक माझी होती, तुझ्या बापाने काही केलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माँजी, मुझे तो पहले से पता है। मेरे को क्यों बता रहे हो? जहाँ चोर बोला था, वहाँ बोलो।"

आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं, आपटलं नाही.

बरोबरच बोलली ती, जिथे त्याला चोर म्हटलं तिथेच बोलायला पाहिजे. तिला सांगून काय, तिला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही ते तुम्ही, माझ्या मंडळाचे लोक, गणपतीच्या पुस्तकात हे वाचणारे. मुक्ताने माझ्यासाठी विनोदिनीला पुण्याला फोन लावला होता, ती आता अभिजीतकडे असते. मी म्हटलं, मी सगळं लिहून देतेय, तुझं नाव घालू का? तिने फोनच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मुक्ताच्या मोबाइलवर दोन शब्द आले, 'नाव लिही'. तर लिहिलं.

मग आता ऐका सगळे. भेरूलालने एकही सायकल चोरली नाही, चोराला दिली नाही. हिरवी सुलूने द्यायला लावली, लाल विनोदिनीने, निळी मी, कुसुमने. तो विचारत होता, आपणो हे का विचारलं त्याने, आणि मी दोनदा हो म्हटलं.

माझे गुडघे आता रिक्शात चढू देत नाहीत. तुमच्यापैकी कुणी ना कुणी ह्या दिवाळीला चादरी, ओढण्या घ्यायला भैरवगढ़ला जालच. नदीकडच्या गल्लीत रामकन्या म्हणून विचारा, सगळे ओळखतात. तिला मराठी येत नाही आणि वाचता पण येत नाही, म्हणून हे पुस्तक नुसतं हातात देऊ नका. तिच्यासमोर बसा आणि हिंदीत सांगा, की जहाँ चोर बोला था, वहाँ बोल दिया। आणि कारखान्यातल्या बायका जवळपास असतील तर जरा मोठ्याने सांगा.